खालाचा डावा पाय

"अगे माय, कोथिंबीर काय झकास उगवून राहिली गं!" असं म्हणत ती आमच्या ओट्याला हात टेकवायची आणि उभी राहायची. बांगड्यांची पाटी डोक्यावर तशीच. बसायची नाही, पाणी मागायची नाही. थोडा वेळ कोथिंबिरीचं कौतुक करायची आणि पुढे निघायची. शेजारी म्हशीचं कौतुक, त्याच्या पुढच्या घरी सुनेच्या रांगोळीचं.

ती मणियारांच्या घरातली. सासूच्या मागे मागे पाटी घेऊन फिरायला लागली ती सासू गेली तरी फिरतच होती. आखाडा बाळापूरच्या आमच्या गल्लीत तिचं नाव कुणी घेत नसे. लहानथोर सगळ्यांची ती खाला, म्हणजे मावशी. प्रत्येक बाईला वाटायचं, खालाचा आपल्यावरच जीव आहे, नाहीतर ती रोज आपल्याच दारात कशाला थांबेल?

मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स. आमच्या कामात कौतुकाने हुरळून जायची सवय लागत नाही. एका सुट्टीच्या दिवशी खाला बंद बँकेपुढे थांबलेली मला दिसली. शटरला हात टेकवून कुलपाकडे बघत होती. आता तुम्हीच सांगा, कुलपाचं कौतुक कोण करतं?

मग मी पाळतच ठेवली. सपाटीला ती जरा लांबवर जाऊन थांबे, चढाला लवकर थांबे. दारात माणूस असलं की बोले, नसलं की नुसतीच उभी राही.

"खाला, पोटरी धरते का?"

"धरते की. उभं राहिलं की सोडते. म्हातारपण हाय, दुसरं काय?"

"म्हातारपण उभं राहिल्यावर जात नसतं."

त्यावर ती हसली आणि माझा हात ओढून मनगट चाचपायला लागली. विषय बदलायची तिची ही पद्धत होती. मला नको असलेल्या बांगड्या माझ्या हातात भरून ती गेली.

पुढे दवाखान्यात पायांच्या रक्तवाहिन्या तपासायचं शिबिर लागलं. नांदेडहून सर्जन आले होते. मी खालाला अक्षरशः धरून आणलं. तपासणी साधी असते. दंडावर पट्टा बांधून रक्तदाब घ्यायचा, मग घोट्यावर बांधून घ्यायचा. घोट्याचा फार कमी भरला तर वाटेत कुठेतरी रक्त अडतंय. पेनाएवढं एक यंत्र पायावर टेकवलं की आत वाहणाऱ्या रक्ताचा आवाजही ऐकू येतो. उजव्या पायाचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. डाव्याचा येईचना.

"या अल्ला, हा काहून गप हाय?" खाला म्हणाली. "भांडला का काय माझ्याशी?"

सर्जन हसले नाहीत. वर्षानुवर्षांची रक्तातली साखर आणि दातांना घासायची तंबाखूची मिश्री यांनी मांडीतली रक्तवाहिनी तुंबत आली होती. मिश्री आजपासून बंद, नांदेडला येऊन पुढची तपासणी करायची, बहुतेक ऑपरेशन लागेल, असं त्यांनी सांगितलं. ज्याच्या पायाच्या वाहिन्या अशा तुंबतात त्याच्या काळजाच्याही तुंबलेल्या असू शकतात, हेही सांगितलं. खालानं सगळ्याला मान डोलावली.

"लग्नसराई झाली की येते," ती म्हणाली. "पोरींचे चुडे कोण भरील?"

लग्नसराई संपायच्या आतच तिनं करायचं ते करून ठेवलं. पायात रक्त पोचत नाही, म्हणून तो गार पडतो, एवढं तिला पटलं होतं. आणि गार पायाला आमच्याकडे काय देतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. बिब्बा. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी चटके द्यायचे. धडधाकट माणसाला काळे डाग पडतात आणि काही दिवसांत खपली धरून जातात. पण जिथे रक्तच पोचत नाही तिथे जखम भरणार कशी? शेजारणीनं मोठ्या मायेनं अंगठ्यापर्यंत चटके दिले होते. खाला माझ्याकडे आली तेव्हा अंगठा काळा पडला होता आणि वास येत होता.

मी तिला खूप बोलले. सगळ्यांसमोर बोलले. ती शांतपणे ऐकत होती, आणि शेवटी म्हणाली, "ओरडून झालं का? चल मग नांदेडला." माझा राग कुठल्या कुठे गेला. मला भीती वाटत होती, खरं सांगायचं तर.

नांदेडला सर्जननी तिला आणि तिच्या मुलाला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. मांडीतलीच एक शीर काढायची आणि तुंबलेल्या जागेला वळसा घालून गुडघ्याखाली जोडायची. जमलं तर अंगठ्यावर भागेल. नाही जमलं तर गुडघ्याखालचा पाय काढावा लागेल.

"मुलगा बाजारात दुकान टाकून देतो म्हणतोय," सर्जन म्हणाले. "बसून धंदा करता येईल. तुम्हाला कुठवर चालायचंय, आजी?"

"तांड्यावर."

सर्जनना कळेना. मी समजावलं. फाट्यावर जीप सोडते, तिथून पुढे चढण आहे, वर बंजाऱ्यांचा तांडा. पोटरी धरायला लागल्यापासून खालाचं तिकडं जाणं सुटलं होतं.

"पोरी खाली येतात बाजारात," खाला म्हणाली. "म्हाताऱ्यांना उतरवत न्हाई. मी नवी नवरी होते तवापासून त्यांचे हात माझ्या हातात हायेत. त्या वाट बघून राहिल्या. पाय गेला तर गाड्यावर बसून धंदा करीन, साहेब. पण गाडा तिथवर चढत न्हाई."

ऑपरेशनला अर्धा दिवस गेला. अंगठा गेला, पाय राहिला. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, मांडीतली शीर काढली तर तिचं काम आता कोण करणार? बाकीच्या शिरा करतात, असं मी सांगितलं. "म्हणजे एक जाऊ माहेरी गेली, दुसरीनं चूल पेटवली," ती म्हणाली आणि झोपली. सर्जननी यंत्र पायावर धरलं. डाव्या पायातून आवाज आला, आणि मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

जखमा भरल्यावर खाला पाटी घेऊन गल्लीतून तरातरा जाऊ लागली. आमच्या बायकांना भलताच राग आला. "आता दोन शब्द बोलायला थांबत न्हाई, मोठी झाली खाला!" मी खरं कारण सांगून पाहिलं, पण आपल्या दारात ती पोटरीसाठी थांबायची हे कुणालाच मान्य होईना. मिश्री सोडली असं ती शपथेवर सांगायची. दात मात्र काळेच होते. काळजाच्या तपासणीला चल म्हणून मी मागे लागले, तर "पाय ऐकतोय, काळीज बी ऐकल," असं म्हणून पुढे निघायची.

काळजानं ऐकलं नाही. एका दुपारी तिला ट्रॅक्टरमधून दवाखान्यात आणलं. मी नाडी पाहिली, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती तांड्यावर बांगड्या भरता भरता बसल्या जागीच कलंडली होती. ट्रॅक्टरबरोबर तांड्यावरच्या बायकाही उतरून आल्या होत्या.

मुलगा धावत आला. आईच्या पायाशी उभा राहून तो त्या बायकांवर ओरडला, "कोण घेऊन गेलं हिला वर? कुणाच्या गाडीवर नेली?"

त्यातली सगळ्यात म्हातारी पुढे आली. तिच्या एका हातात कोपरापर्यंत नवी हिरवी काच होती. दुसरा हात रिकामा होता.

"गाडी न्हाई, लेकरा," ती म्हणाली. "मी दारात बसून बघत होते. फाट्यापासून चालत आली. मधी कुठं टेकली बी न्हाई."