हृदयावरचा चुना

अंकुशनगरला कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, उसाचा रस आटवायच्या विभागात कामाला होते. मी एकोणीस वर्षांची, अंबडच्या कॉलेजला एस.टी.नं जायचे. त्या वर्षी माझं पोट वाढायला लागलं.

आधी वाटलं गॅस असेल. मग पाय सुजले, चार पावलं चालले तरी धाप लागायची. हातपाय काटकीसारखे आणि पोट पुढं. मी ओढणी पोटावरून घ्यायला लागले. नळावर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं आणि माझी पाठ वळली की पुन्हा सुरू व्हायचं.

एका दुपारी माय भाकरी थापत होती. मध्येच थांबून म्हणाली, "दार लाव."

मी लावलं.

"आता खरं सांग. कोण हाय त्यो?"

मला प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी तिच्या गळ्याला हात लावला.

"माय, तुझ्या गळ्याची शपथ. कोणीच न्हाई."

"मंग हे काय हाय?" म्हणत तिनं पिठाचा हात माझ्या पोटावर ठेवला. पंजा कुर्त्यावर पांढरा उमटला. तव्यावरची भाकरी करपली, ती उतरवायची शुद्ध दोघींनाही राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला जालन्याला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तपासून बाई म्हणाल्या, "मूलबिल काही नाही. पोटात पाणी झालंय." माय तिथंच फरशीवर बसली आणि देवाला हात जोडले. माझ्या पोटात रोग आहे हे ऐकून माझ्या आईला सुटल्यासारखं वाटलं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

पाणी काढलं, पुन्हा भरलं. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. कोणी लिव्हर म्हणालं, कोणी मूत्रपिंड. एका डॉक्टरनं तर मी दारू पिते का विचारलं. मायनं त्याच्याशी असं भांडण काढलं की कंपाउंडर धावत आत आला. वाटूरच्या एका घरी माझी सोयरीक जवळजवळ ठरली होती. त्यांचा निरोप आला, पोरीला दुसरं स्थळ बघा.

शेवटी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी मला तपासलं. पोटाला हात लावायच्या आधी त्यांनी मला ताठ बसवलं आणि मानेकडं बघत राहिले. "खोल श्वास घे," म्हणाले. मी घेतला तशा मानेच्या शिरा आणखीच फुगल्या. त्यांनी लगेच छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो उजेडावर धरून त्यांनी मला, मायला आणि दादांना दाखवला. हृदयाच्या कडेनं एक पांढरी रेघ होती, कोणी खडूनं ओढावी तशी.

"हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते," ते म्हणाले. "हिची जाड झालीय, तिच्यात चुना भरलाय. आत हृदय आवळून गेलंय, त्याला फुलायलाच जागा नाही. म्हणून रक्त मागं तुंबतं आणि पोटात पाणी होतं. बहुतेक वेळा हे जुन्या टीबीमुळं होतं. घरात कोणाला टीबी होता का?"

"बिलकुल न्हाई," माय म्हणाली.

"मला होता," दादा म्हणाले.

मायनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. दादा डॉक्टरांकडंच बघत होते.

"ही चार वर्षांची होती तव्हा. सीझनला कर्नाटकातल्या कारखान्यावर गेल्तो म्हणून घरी सांगितलं. मी दवाखान्यात होतो. त्याच्या आधी घरात खोकून राह्यलो होतो, ही तव्हा माझ्याच कुशीत झोपायची."

"मी चटणी धाडली होती," माय हळू आवाजात म्हणाली. "ती कुठं खाल्ली?"

"तिथंच. खाटेवर."

त्यानंतर माय त्यांच्याशी बोलायची बंद झाली. मी रागावले नाही. रागवायला अंगात काहीतरी लागतं. माझ्या डोक्यात फक्त ती पांढरी रेघ होती.

आधी टीबीची औषधं सुरू केली, मग ऑपरेशनसाठी मुंबईला पाठवलं. सर्जननी आडपडदा न ठेवता सांगितलं, छातीचं हाड मधोमध कापावं लागेल, पिशवी हृदयाला चिकटलीय, सोलताना हृदय फाटूही शकतं. माय खुर्चीचा दांडा धरून उभी होती.

"मंग काळीज उघडंच राह्यतं का हो?"

"उघडंच राहतं, माई. त्याला पिशवीवाचून चालतं."

पुढचं मला मायनं सांगितलं. दुपार कलल्यावर सर्जन बाहेर आले, मागून नर्स स्टीलचा ट्रे घेऊन. ट्रेमध्ये पांढरे-पिवळे तुकडे. सर्जननी चिमट्यानं त्यातला एक उचलून ट्रेवर सोडला, तो टणकन वाजला. माणसाच्या काळजावरून निघालेली वस्तू भांड्यासारखी वाजली, याचा मायनं असा धसका घेतला की तिला आधी मी जिवंत आहे का हे विचारायचंच सुचलं नाही. दादांनी वाकून बघितलं. "आमच्या कारखान्यात रस आटवायच्या नळ्या खरवडतो तव्हा असाच थर निघतो," म्हणाले आणि भिंतीला टेकून रडायला लागले. मायनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "उठा, चहा घ्या," म्हणाली.

मी शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कोणी उखळ ठेवलंय असं वाटत होतं. पण पुढच्या दिवसांत लघवीला इतकं होत राहिलं की नर्स हसायच्या. पोट उतरलं, कातडी सैल पडली. एका सकाळी मी उशीशिवाय सपाट झोपलेली जागी झाले आणि घाबरून उठून बसले. माणसं अशी झोपतात हे मी विसरून गेले होते.

कॉलनीत परतल्यावर बायका व्रण बघायला आल्या. मी दाखवला.

दादा मात्र बदलले. ज्यांनी इतकी वर्षं बायकोपासून लपवलं, ते कारखान्याच्या गेटवर उभं राहून सांगायला लागले, मला टीबी होता, माझ्यामुळं पोरीला झाला. कोणी खोकताना दिसलं की त्याला धरून दवाखान्यात न्यायचे. शेजारच्या फिटरला त्यांनी असंच नेलं, तर त्याची बायको आमच्या दारात येऊन ओरडायला लागली, माझ्या नवऱ्याला बदनाम करता, तुमचं वाटोळं होईल.

दादा उंबऱ्यातच उभे राहिले. "शिव्या दे, बाई," म्हणाले. "पण लेकरांच्या छातीचे फोटो काढून घे. जल्दी घे."