कुकरच्या शिट्टीवर उघडलेला पूल

आधीच सांगून ठेवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यांचा आहे त्यांची मला कीव येत नाही, राग येतो. या फोरमवरचे अनुभव मी लंचटाइमला डबा खाता खाता वाचते, निव्वळ टाइमपास म्हणून. अमक्याच्या मावसदिराला घाटात बाई दिसली, तमक्याच्या हॉस्टेलचं दार रात्री आपोआप वाजलं... अहो, बिजागरीत तेल घाला ना! मग मी स्वतः का लिहितेय? कारण मागच्या आठवड्यात इथल्याच एका शहाण्याने लिहिलं की असे अनुभव फक्त कमकुवत मनाच्या लोकांना येतात. मी एका कार कंपनीत ब्रेक टेस्ट करते. दिवसभर गाड्या भिंतीपाशी नेऊन थांबवते. माझ्या कमकुवत मनाबद्दल माझ्या नवऱ्याला, सतीशला विचारा, हसून हसून लोळेल.

तर, २००२चा ऑगस्ट. आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो. मला सहावा महिना होता आणि बाळंतपणासाठी सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. माझी आई काही वर्षांपूर्वीच गेली, त्यामुळे माहेरचं येणारं कुणी नव्हतं. इथे सगळे म्हणतात, हॉस्पिटल सगळं बघतं. डोंबल बघतं! दोन दिवसांत बाळ हातात देऊन पार्किंग लॉटपर्यंत सोडतात. मला आई, म्हणजे सासूबाई, हव्या होत्या, अगदी मनापासून हव्या होत्या, पण हे त्यांना तोंडावर सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

आणि आईंना परत जायचं होतं. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर इथे काय वातावरण होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. साडी, कुंकू, अंबाडा अशा अवतारात ग्रोसरीत गेल्या की लोक ट्रॉली थांबवून बघायचे. एकदा कुणीतरी पार्किंगमध्ये गाडीतून काहीतरी ओरडलं. तेव्हापासून आई घराबाहेर पडेनात. "मी इथं कोणाले पाहवत नाही बाप्पा. मी इथं राहून काय करू?" असं रोज एकदा तरी व्हायचं.

त्यांचं मन रमावं म्हणून ट्रिप ठरली, आणि ती ठरवली मिलिंदने. इथेच सगळं चुकलं. मिलिंद हा सतीशचा कॉलेजमधला मित्र, राहतो टेक्ससमध्ये प्लेनोला, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा तज्ज्ञ. इंग्लंडला प्रोजेक्टवर असताना त्याने दोन वीकएंड नॅरोबोट चालवली होती, त्यामुळे आता तो दर्यावर्दी! तसल्याच बोटी न्यूयॉर्क स्टेटमध्ये इरी कालव्यावर भाड्याने मिळतात हे त्याने शोधून काढलं. नॅरोबोट म्हणजे काय, तर एसटीपेक्षा लांब आणि आमच्या अपार्टमेंटच्या पॅसेजएवढी रुंद. आत पलंग, गॅस, सिंक, सगळं. वेग असा, की काठावर कुत्रं फिरवणारी एक आजी आम्हाला ओव्हरटेक करून गेली. याला व्हेकेशन म्हणायचं!

कॅनडातून शॉर्टकट होता, पण आईंच्या व्हिसाचा घोळ, म्हणून ओहायोतून वळसा घालून बफेलोच्या पुढे पोचलो. बोटवाल्या माणसाने निघताना नीट समजावलं. अंधार पडायच्या आत बोट बांधायची. शहरात बांधायची तर जिथे दिवे आहेत आणि दुसऱ्या बोटी आहेत तिथेच. रिकाम्या भिंतीला, बंद फॅक्टरीपाशी, अजिबात नाही. आणि वाटेत खाली असलेले पूल लागतात, ते उचलून घेण्यासाठी तीन लांब हॉर्न द्यायचे, मग वरच्या केबिनमधला ऑपरेटर पूल उचलतो. मिलिंद मान हलवत होता, "आय नो, आय नो" करत. ऐकत काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका छोट्या शहरात शिरलो. नाव देत नाही, नाहीतर इथले उत्साही वीर कॅमेरे घेऊन पोचतील. बोटी बांधायची चांगली जागा पुलापलीकडे होती. तिथले दिवे, बोटींची छपरं इथून दिसत होती. मध्ये लोखंडी पूल, पाण्याच्या अगदी अंगावर. मिलिंदने तीन हॉर्न दिले. काही नाही. परत दिले. परत दिले. रेडिओवर बोलून झालं. वरच्या केबिनमध्ये अंधार.

"झोपला असेल यार ऑपरेटर. टिपिकल गव्हर्नमेंट जॉब," मिलिंद म्हणाला.

"तुझा सेलफोन ऑन कर आणि बोटवाल्याला विचार," सतीश म्हणाला.

"रोमिंग लागतं. आणि काय विचारायचंय? इथे ही भिंत आहे की!"

भिंत होती. बंद फॅक्टरीची, खिडक्या फुटलेल्या, एक दिवा नाही, एक बोट नाही. माणसाने जे जे करू नका म्हणून सांगितलं ते सगळं एका ठिकाणी. मागे फिरावं तर मागचं लॉक, म्हणजे बोटी खाली-वर करणारं पाण्याचं फाटक, संध्याकाळी बंद झालेलं. ऊन उतरत चाललं होतं, म्हणून नाइलाजाने बांधली. आईंनी खिचडीचा कुकर चढवला. नागपूरहून बॅगेत घालून आणलेला कुकर, शिट्टी अशी की गिरणीच्या भोंग्याने लाजावं.

गॅस पेटतो न पेटतो तोच काठावर तीन पोरगे आले. पोरगे कसले, घोडे, हातात बिअर. आई डेकवर हात धुवायला आल्या होत्या. त्या तिघांनी साडीकडे बघितलं आणि सुरू झाले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. "गो होम" हे त्यातल्या त्यात सभ्य. सतीश काहीतरी समजावायला गेला, अतिशय शुद्ध इंग्लिशमध्ये, जणू पीटीए मीटिंग आहे. पहिली बाटली छपरावर फुटली. दुसरी आईंच्या पायाशी.

"दोरी सोड!" मी ओरडले. सोडली एकदाची. आमच्या दर्यावर्दीने, मिलिंदने, तिसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू केलं. बोट पात्राच्या मधोमध आली, पण जायचं कुठे? मागे लॉक बंद, पुढे पूल बंद, काठावर ते तिघं आमच्याबरोबर चालत येत होते, हसत. आई आत जाऊन पलंगावर बसल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सतीश, उद्याच्या उद्या तिकीट काढ. मी चालली." मी सतीशकडे बघितलं, तो माझ्याकडे. आता त्यांना थांबवायला तोंड कुठलं होतं आम्हाला? माझ्या पोटात बाळ फिरत होतं आणि मला कळून चुकलं की नोव्हेंबरमध्ये मी एकटी आहे.

तेवढ्यात कुकरची पहिली शिट्टी झाली. गॅस बंद करायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मग दुसरी. मग तिसरी, लांबलचक.

आणि पुलावर घंटा वाजली.

लाल दिवे लागले. रस्त्यावरची फाटकं खाली आली. तो अख्खा लोखंडी पूल घरघरत सरळ वर उचलला गेला, त्याच्या पोटातून आमच्या डेकवर पाणी ठिबकलं, गंजाचा वास आला. केबिनमध्ये पिवळा दिवा लागलेला. शनिवारची संध्याकाळ, गावाचा मुख्य रस्ता, आणि फाटकापाशी एकही गाडी थांबलेली नाही हे मला तेव्हा नुसतं दिसलं, त्याचा विचार नंतर आला.

"बघ! ऐकला शेवटी हॉर्न!" मिलिंद म्हणाला. हॉर्न देऊन तासभर होत आला होता.

आई झारा हातात घेऊन पुढच्या डेकवर आल्या. वर बघितलं आणि झाऱ्यासकट हात जोडले. "थँक्यू हं बाई!" केवढ्यांदा ओरडल्या! केबिनच्या खिडकीतून एक हात वर झाला. बाई होती की बुवा, मी शपथेवर सांगणार नाही. हात मात्र मी पाहिला, बाही कोपरापर्यंत सारलेली. मागे वळून बघितलं तर ते तिघं काठावर उभे होते तिथेच उभे होते, आणि पूल आमच्यामागे खाली येत होता.

पलीकडे दिवे, नळ, शेजारी बोटी, सगळं होतं. आम्ही बोट बांधली आणि खिचडी खाल्ली, तळाला लागलेली. जेवता जेवता आई म्हणाल्या, "पाह्य ना, कुकर ऐकून पूल उघडला त्या बाईनं. तिच्याही घरी कोणी वाट पाहत असंल. चांगले लोक आहेत ग इथले." तिकिटाचं नाव निघालं नाही.

सकाळी शेजारच्या बोटीवरचे एक म्हातारे ओहायोवाले कॉफीचा मग घेऊन आले आणि आमच्या बोटीकडे बघतच राहिले.

"कुठून आलात?"

"मिशिगन," मी म्हटलं.

"ते नव्हे. ही बोट इथे कुठून आली?"

मी पुलाकडे बोट दाखवलं. ते हसले. मग हसायचे थांबले. पूल कालपासून बंद होता. मोटर बिघडली म्हणून काढून दुरुस्तीला नेली होती, केबिनला कुलूप होतं, ऑपरेटरला सुट्टी दिली होती. त्यांना स्वतःलाही पलीकडे जायचं होतं, म्हणून ते इथे अडकून बसले होते. काल संध्याकाळी ते डेकवरच होते. घंटा ऐकली नाही, पूल हललेला पाहिला नाही. पुस्तकातून मान वर केली तर आम्ही बोट बांधत होतो. "एक शिट्टी मात्र ऐकू आली, केटलसारखी," ते म्हणाले.

बोटवाल्याने आम्हाला पूल बंद असल्याचं कळवायला फोन केले होते. मिलिंदच्या बंद सेलफोनवर.

सतीशने बोटीतला बांबू घेतला आणि चालत पुलापर्यंत जाऊन मोजून आला. पुलाच्या पोटाखाली आमचं छप्पर जाणं शक्यच नव्हतं, चांगली दीड हात बोट जास्त उंच. मिलिंदने थिअरी मांडली की संध्याकाळी पाण्याची लेव्हल उतरली असणार. वा! दीड हात पाणी उतरलं असतं तर शेजारच्या सगळ्या बोटी गाळात बसल्या असत्या, आणि पूल वर जाताना मी पाहिला त्याचं काय? त्यावर तो मला म्हणाला, "प्रेग्नन्सीमध्ये होतं असं." त्याला मी कालव्यात ढकललं नाही, हा माझा संयम. पुढे तर त्याने, आपण तिथे गेलोच नव्हतो, असं लोकांना सांगायला सुरुवात केली. बोट पूल दुरुस्त होईपर्यंत नको त्या बाजूला अडकून पडली होती, आणि बोटवाल्याला आम्हाला न्यायला व्हॅन घेऊन यावं लागलं. त्या बोटीचं काय उत्तर देतो मिलिंद? ती काय गरोदर होती?

पण मला सांगायचंय ते हे नाही. ते ओहायोवाले बोलत असतानाच आई दारात आल्या, अंघोळ करून, कुंकू लावून, बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा हसऱ्या. "काय म्हणून राहिले ग ते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्यासाठी पूल कुणीही उघडला नव्हता. काल आईंनी जिला हात जोडले अशी त्या गावात कुणी नव्हतीच, आणि बाटल्या फेकणारे मात्र खरे होते. हे सांगितलं असतं तर त्या पहिल्या विमानाने गेल्या असत्या.

"विचारताहेत, झोप लागली का," मी म्हटलं.

"लागली म्हणा. अन् त्या पुलावरच्या बाईले माझा नमस्कार सांगा म्हणा."

मी म्हाताऱ्यांना इंग्लिशमध्ये तेवढंच सांगितलं. त्यांनी कुलूप लावलेल्या केबिनकडे बघितलं, मग आईंकडे, आणि म्हणाले, "शुअर, मॅम."

आई थांबल्या. मुलगी झाली तेव्हा होत्या, नंतरही हिवाळाभर होत्या, आणि ग्रोसरीत साडी नेसून माझ्या पुढे चालायच्या. आता नागपूरला असतात. आज मुलगी शाळेत जाते, आणि मला तो पूल कसा उघडला ते अजून सांगता येत नाही. कृपा करून मला थिअरी पाठवू नका, मिलिंदच्या ऐकून झाल्यात. दिवाळीला फोन केला की आई सगळ्यांची चौकशी करतात. सगळ्यात शेवटी विचारतात, "अन् त्या पुलावरच्या बाई? बऱ्या आहेत ना?"

मी सांगते, हो आई, बऱ्या आहेत.