ओव्हाळबाईंचं प्रवाळ

वत्सलाबाई ओव्हाळ यांची आणि माझी ओळख झाली ती एका गोल दगडावरून. बाई आपल्या शिरूरच्या शाळेत विज्ञान शिकवीत, आणि मी खांद्यावर अवजारांची पिशवी टाकून दौंड-शिरूर करणारा सुतार. प्रयोगशाळेतल्या कपाटाला काच बसवताना आत वाटीएवढी पांढरी चकती दिसली. मध्यापासून कडेपर्यंत बारीक पात्या. मी विचारलं, "बाई, ही अळंबी दगडाची कशी झाली?"

पलीकडे बसलेले एक गुरुजी खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. "युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांनाही एके काळी असंच वाटलं होतं. बसा," म्हणाल्या, आणि माझं काम तिथंच थांबलं. ते निघालं अळंबी-प्रवाळ, समुद्रातल्या प्राण्याचा सांगाडा. इतर प्रवाळं एकमेकांना चिकटून खडक बांधतात. हा गडी बहुधा एकटा, एका तोंडाचा. लहानपणी देठानं खडकाला धरून असतो, मोठा झाला की देठ सुटतो आणि वाळूवर मोकळा राहतो. अंगावर वाळू पडली तर झटकतो. त्यातले काही तर लाटेनं उपडे पाडले की अंग फुगवून हळूहळू सुलटे होतात. दगड, झाड की प्राणी, यावर जाणत्यांनी पिढ्यान् पिढ्या घातलेला वादही बाईंनी सांगितला, तोही एका सुताराला, खुर्ची देऊन.

फौजेतल्या धाकट्या भावानं अंदमानहून आणलेलं ते प्रवाळ बाईंनी शाळेला दिलं होतं. वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात त्या ते देत. तेच गुरुजी एकदा कुरकुरले, "बाई, कुणाच्याही हातात देता, फुटंल की."

"फुटलं तर आतली बाजू दाखवीन. पण 'कुणाच्याही' म्हणजे कुणाच्या, गुरुजी?"

गुरुजी खडू शोधायला गेले.

आता ते प्रकरण. "तेवढं वगळा," असं बाईंच्या साठीच्या गौरव समितीनं हा लेख मागताना मला बजावलं आहे. शाळेच्या संस्थेच्या त्या वेळच्या अध्यक्षांच्या घरचे लोक समारंभाला येणार आहेत म्हणे. येऊ देत. मी लिहिणार.

मुख्याध्यापकांची जागा रिकामी होणार होती, आणि ज्येष्ठतेनं ती बाईंची होती. त्याच सुमारास संस्थेचे अध्यक्ष आप्पा आजारी पडले आणि वैद्यांनी त्यांना प्रवाळभस्म सांगितलं. आप्पा स्वतः प्रयोगशाळेत आले. मी दाराला रंधा मारत होतो. हात चालू, कान तिकडं.

"बाई, ते पवळं द्या. भस्म करायचं हाय."

"आप्पा, औषधाला लागतं ते तांबडं पवळं. त्याचं कुळ निराळं. याचा तुम्हाला उपयोग नाही."

"वैद्याच्या वर तुम्ही व्हय?"

"औषधात नाही. यात आहे."

"पोरास्नी दुसरा दगड दावा की. आन् हेडमास्तर कोन, ते ठरायचं हाय अजून. ध्यानात असू द्या."

"ठरवा. कपाटाची किल्ली माझ्याकडंच राहील."

पुढच्या रविवारी बाई पुण्याला गेल्या आणि तांबड्या पवळ्याच्या भस्माची पुडी घेऊन थेट आप्पांच्या घरी पोचल्या. आप्पांनी पुडी घेतली, पद दिलं नाही. बाहेरून माणूस आणून खुर्चीवर बसवला. बाई निवृत्तीपर्यंत त्यांच्या हाताखाली ताठ मानेनं शिकवीत राहिल्या. आप्पांचे नातू वर्गात आले, तेव्हा त्यांच्याही हातात बाईंनी ते प्रवाळ दिलं.

परवा निमंत्रणपत्रिकेचा मजकूर घेऊन आम्ही बाईंकडे गेलो. समितीनं मोठ्या मनानं 'माजी मुख्याध्यापिका' असं लिहिलं होतं. बाईंनी चष्मा लावला, पेन मागितलं आणि ते दोन शब्द खोडले.

"अहो बाई, तुमचाच हक्क होता तो," समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

"होता ना? मग तेव्हा म्हणायचं. आता विज्ञान शिक्षिका छापा."

तसंच छापलं आहे.

बाई, साठीच्या या दिवशी तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य चिंतितो. तुमचं 'नाही' ऐकायची सवय आपल्या लोकांना अजून व्हायची आहे. ती होईपर्यंत तरी ठणठणीत राहा.