पाव्हणं, मांडी उचला

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका ढिल्या वस्तूंवर जीव लावणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. नेकनूरला त्यांच्या घरातल्या बाजेला अशी झोळ पडलेली, की पाहुणा बसला की चहा येईपर्यंत त्याचे गुडघे हनुवटीला टेकायचे. दाराची कडी लाथ मारल्याशिवाय निघत नसे, आणि लाथही डाव्याच पायाची लागे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं कानाला बांधलेली. कुणी पकड घेऊन पुढं झालं की मामा (ताई म्हणते म्हणून मीही मामाच म्हणतो) हात आडवा घालत. "आवळू नका. आवळलेली वस्तू कुनाच्याबी हातात चालती. ढिली वस्तू फकस्त मालकाचं ऐकती."

या शिकवणीचा कळस म्हणजे त्यांची जुनी जीप. तिचा गिअरचा दांडा उभ्या गाडीतसुद्धा म्हशीच्या शेपटीसारखा हलायचा. पहिला गिअर रेडिओच्या रिकाम्या भोकापाशी, चौथा मामांच्या स्वतःच्या गुडघ्याला, आणि दुसरा थेट शेजारी बसलेल्याच्या मांडीखाली. म्हणून पुढच्या सीटवाल्याला एक काम असे. मामा क्लच दाबून पुकारत, "मांडी उचला!" मग तो तलाठी असो की नवरदेव, उचलावीच लागे. एका गुरुजींनी हिंमत करून विचारलं, "अहो, एवढा ढिला गिअर, दुरुस्त का करत नाही?" मामा म्हणाले, "ढिला न्हाई गुरुजी, मोकळा हाय. तुमच्या पोरांनाबी जरा मोकळं सोडत जा."

मी नववीतच शाळेतून मोकळा झालेलो. घरी तोंड दाखवायची लाज, म्हणून ताईकडं येऊन पडलो होतो. मामांनी शाळेचं एका अक्षरानं विचारलं नाही. किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "दांडा दाबू नका पाव्हणं, पाखरू धरल्यावानी धरा. ते सांगतं कुठं जायचं." पुढं इकडं राजकोटला गॅरेजवर काम मागायला गेलो, तेव्हा मालकानं एका जुन्या टेम्पोत बसवलं. मी दांड्याला नुसता हात लावला आणि सांगितलं, आतला बुश, म्हणजे दांडा धरून ठेवणारी कडी, गेलाय. खोलल्यावर तेच निघालं. त्या हातावर आज माझी भाकरी चालते.

मागच्या सुट्टीला नेकनूरला गेलो तर घरात तणतण चाललेली. बाजाराच्या दिवशी मामांनी पहिला म्हणून रिव्हर्स टाकला होता आणि जीप कुंभाराच्या माठांत घातली होती. नशिबानं फुटले ते माठच. दाजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमी जायच्या आत गिअर नीट झाला तर ठीक. न्हाईतर सोमवारी भंगारवाला बोलावतो." मी बुश आणि स्प्रिंग राजकोटहून पिशवीत घालूनच आणलेले, पण मामांना सांगायची छाती होईना. सांगितलं तेव्हा पहिल्या दिवशी ते म्हणाले, अमावस्या हाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, इंजिन तापलंय. जीप दोन दिवस जागची हलली नव्हती. तिसऱ्या दिवशी पाना सापडेना. तो ताईला ज्वारीच्या कोठीत सापडला.

शेवटी खोललं. दांड्याच्या बुडाशी चपलेच्या रबराची चकती, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि नातीचं केसांचं रबर निघालं. मामांनी एकेक वस्तू पुसून खिशात ठेवली. मी नवा बुश बसवला, स्प्रिंग घातली, वरची टोपी आवळली. दांडा ताठ उभा राहिला. मामा बघून म्हणाले, "पोलीस उभा केलाय गाडीत."

आणि त्यांना जीप चालवता येईना. हात सवयीनं वीतभर लांब जायचा, दांडा तिथं नसायचाच. गचका, बंद. पुन्हा गचका. दाजी दारात हाताची घडी घालून म्हणाले, "बघा, गिअरचा दोष नव्हताच. सोमवारच बरा." उद्या सकाळी मला निघायचं होतं, आणि जीप वाचवायच्या नादात मी ती मामांच्याच हातातून काढून घेतली होती.

दुपारभर मामा बंद जीपमध्ये बसून पहिला-दुसरा घोकत होते. मी शेजारी. "पहिला कुठं गेला बे?" ते दांड्यालाच विचारत. मला राहवेना. म्हटलं, "मामा, दाबताय तुमी. पाखरू धरल्यावानी धरा." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आमचंच आमाला शिकिवता का पाव्हणं?" पण बोटं सैल झाली. खट्. मग त्यांनी जीप चालू केली आणि दाजींच्या पुढ्यातून दोनदा नेली. तिसऱ्यांदा हॉर्न देत. दाजी हाताची घडी सोडून आत गेले.

तरी माझ्या जिवाला चैन नाही. ताईचा अवेळी फोन आला की इथं हातातला पाना खाली पडतो. तिलाही ते ठाऊक आहे. ती आधी म्हणते, "मामा बरे हायेत, जीपबी बरी हाय," आणि मग काय ते बोलते. मला मात्र ती निघायची सकाळ आठवत राहते. मामा मला बीडच्या स्टँडवर सोडायला निघाले होते. नेकनूर मागं पडलं, त्यांनी क्लच दाबला. दुसरा आता माझ्या मांडीपासून चांगला वीतभर अलीकडंच बसत होता. तरी समोर बघत, जरा हळूच, ते म्हणाले, "पाव्हणं, मांडी उचला."

मी उचलली. बीड येईपर्यंत खाली ठेवली नाही.