खणलेली धावपट्टी

विद्यापीठाच्या मैदानावर आज भूमिपूजनाच्या कोनशिलेवर मुलींचे घामेजलेले टी-शर्ट वाळत होते. नव्या सिंथेटिक ट्रॅकचं अनुदान मंजूर झालं, असं सरकारनं सांगितलं, तेव्हा आम्ही शिक्षकांनी आणि खेळाडूंनीच श्रमदान करून जुनी मातीची धावपट्टी खणून काढली होती. अनुदान आलंच नाही. मुली आता हायवेच्या कडेनं धावतात.

फसवणाऱ्याचा राग येतोच. पण आपल्याच हातातली कुदळ आठवली, की तो राग कुठे ठेवावा कळत नाही.

"सर, जुनी माती कुठे टाकली हो?" धावून आलेल्या मुलींपैकी एकीनं सहज विचारलं.

"भूमिपूजनाला मंत्री येणार होते ना, त्यांच्या हेलिपॅडवर पसरली."

हेलिकॉप्टर तिथे एकदाच उतरलं. आमची माती मात्र अजून घट्ट बसून आहे.