पांढरी रेघ आणि रुखवताच्या कुरडया

आभाळात जे जे घडतं त्याचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम समजूत होती. ग्रहण लागलं की घाटकोपरच्या आमच्या चाळीतली माणसं आधी मामांच्या दाराशी जात, मग आंघोळीला. गिरणीतल्या बॉयलरवर उभा जन्म काढलेला हा माणूस वाफेचा विषय निघाला की भरल्या ताटावरून उठे. "वाफ दिसत नाही रे, दिसतं ते पाणी!" हे त्यांचं वाक्य मी चहा गार होईपर्यंत ऐकलेलं आहे. लग्नाआधी त्यांनी माझी परीक्षा घेतली ती वाफ दिसते का, याच प्रश्नावर, आणि मी साफ नापास झालो. तरी भाची दिली, हा त्यांचा मोठेपणा.

जेट विमानं तेव्हा नवी होती. एका वैशाखात शेजारच्या सुशीलाकाकूंच्या कमलचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. काकू विधवा, दागिन्यांची हौस भागवता येईना, म्हणून सगळी हौस त्यांनी रुखवतात ओतली होती. गच्चीभर कुरडया वाळत होत्या. भर दुपारी एक विमान, आवाजसुद्धा न करता, नेमकं त्यांच्यावरून पांढरी रेघ ओढून गेलं. रेघ विरायची सोडून फुगत चालली. कुणी म्हणालं विषारी पूड, कुणी म्हणालं आता पाऊस पडणार नाही. पलीकडच्या खोलीतल्या टायपिस्टाने तर चेंबूरला, म्हणजे कमलच्या सासरी, हे कळल्यावर काय होईल तेही सांगून टाकलं. काकूंनी सूप उचललं आणि कुरडया नाल्यात टाकायला निघाल्या. कमल जिन्यात बसून रडत होती.

मामा छत्री घेऊन गच्चीवर आले आणि छत्रीच्या टोकाने आभाळ दाखवत गरजले, "पूड न्हय गो ती, बर्फ आसा बर्फ! तेल जळलं की धुराबरोबर पाणीही निघतं. वर कडाक्याची थंडी. ते तिथल्या तिथे गोठतं. वरच्या हवेत ओल असली की रेघ टिकते, नसली की विरते."

"सूर्याच्या जवळ थंडी? काय मामा, फेकता काय?" टायपिस्ट म्हणाला.

मामांनी कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून बर्फाची लादी मागवली. गोणपाट काढताच लादीवरून पांढरे लोट निघाले. "डोंगराचा माथा सूर्याच्या जवळ, मग तिथे गार का? आणि हे काय जळतंय? आँ? सांग ना!" टायपिस्टाने लादीला बोट लावून झटकन मागे घेतलं. पण काकू हळूच म्हणाल्या, "सगळं पटलं हो भाऊ. पण विहीणबाईंच्या पानात कुठल्या तोंडाने वाढू?"

मामांनी वाकून एक ओलसर कुरडई उचलली आणि खाल्ली. मग दुसरी. सातवी संपवून मिशा पुसल्या आणि म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत मी धडधाकट असलो, तर रुखवत मांडायचं."

तेव्हापासून चाळीचा डोळा गॅलरीच्या टोकाच्या संडासावर. कच्च्या कुरडयांनी पोटात काय मांडलं होतं ते मामांनाच ठाऊक. पण गडी दारात खुर्ची टाकून घाम पुसत बसून राहिला. सकाळी रोजच्या वेळेला, एकदाच, टमरेल घेऊन ते असे काही डुलत गेले आणि परत आले की सबंध चाळीने टाळ्या वाजवल्या. काकूंनी भरल्या डोळ्यांनी साखर वाटली. लग्नात रुखवताच्या मधोमध कुरडयांचा डोंगर उभा राहिला. विहीणबाईंनी तळलेल्या कुरडया दोनदा मागून घेतल्या, आणि टायपिस्टाने तीनदा.

पंगत उठल्यावर मी मामांना म्हटलं, "शास्त्रावर एवढा विश्वास पाहिजे बुवा!"

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. "शास्त्र रेघेपुरतं रे. त्या विमानात कुणी काय भरलं होतं, ते मला कुठे ठाऊक? जाम घाबरलो होतो."

"मग खाल्लीत कशाला?"

"पोर रडत होती ना," मामा म्हणाले आणि पान लावायला लागले.

एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला इतकं साधं कारण शोभलं नसतं, म्हणून मी ते चाळीत कुणालाच सांगितलं नाही. आता मामा नाहीत, चाळही नाही. कमलला मात्र एकदा सांगायला हवं होतं, असं फार वाटतं.