पावतीवरचं नाव मला बदलता आलं न्हाई

मंडळी, डाव्या हाताला प्लास्टर हाय, एका हातानं टाइप करतोय. चुका समजून घ्या.

मी नेकनूरजवळच्या एका गोदामात कारकून हाय. इथं ठेवलेल्या मालाची पावती आता ब्लॉकचेनवर निघते आणि त्या पावतीवर बँक तारण कर्ज देते. आज सकाळी एकजण दोन माणसं घेऊन आला. त्याच्या विधवा भावजयीनं मागच्या आठवड्यात आमच्याकडं सोयाबीन ठेवलं होतं.

"तिच्या पावतीवर माझं नाव टाक," तो म्हणला.

"भाऊ, ते माझ्या हातात न्हाई. ह्याच नोंदीची प्रत बँकेकडं हाय, बाकीच्या गोदामांकडं बी हाय. मी एकट्यानं बदलली तर कुणीच मानणार न्हाई."

त्याला वाटलं, मी बनवतोय. त्यानं काठीनं कॉम्प्युटर फोडला.

"आता गेली का नोंद?"

"न्हाई गेली."

मग काठी माझ्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी खाली पडलो तरी तिघं लाथा घालतच होते. हमाल धावत आले म्हणून वाचलो. तिघांनाबी पोलीस घेऊन गेले.

दुपारी दवाखान्यात त्या ताईंचा फोन आला. कर्ज मंजूर झालं होतं. त्या रडत म्हणल्या, "दादा, तुमी माझ्यासाठी एवढा मार खाल्ला."

"काळजी घ्या ताई," म्हणून मी फोन ठेवला. जुनं कागदी रजिस्टर असतं, तर काठी उगारल्याबरोबर मी त्यांचं नाव खोडलं असतं. हे त्यांना सांगायला पाहिजे होतं का? तुमी सांगितलं असतं?